उंदीर आठ पूर्णांक दोन सेकंद उभा राहिला

झुडपाच्या पानांचा अर्क पाजलेला उंदीर पंचावन्न अंशांवर तापवलेल्या पत्र्यावर सरासरी ८.२ सेकंद उभा राहिला आणि मग त्याने पंजा चाटला. नुसतं पाणी पाजलेला उंदीर त्याच पत्र्यावर सरासरी ८.२ सेकंद उभा राहिला आणि मग त्यानेही पंजा चाटला. रुग्णालयात देतात ते नेहमीचं वेदनाशामक औषध पाजलेला उंदीर मात्र १३.९ सेकंद उभा राहिला. चटका आपल्याला नसून शेजारच्याला बसतो आहे, असा त्याचा चेहरा होता.

यावरून कोणाही शहाण्या माणसाने काढावा तोच निष्कर्ष प्रयोग करणाऱ्या मुलीने काढला. पानांत वेदना शमवणारं काही नाही. तिने तसं वहीत लिहिलं, खाली तारीख घातली, सही केली, पिंजरे जागेवर ठेवले आणि हात धुतले. आपण केवढं बेकायदेशीर वाक्य लिहून बसलो आहोत, याची तिला कल्पना नव्हती.

या मुलीला संस्थेत सगळे ‘दशांश’ म्हणत. किती वेळ लागेल असं विचारल्यावर बाकीचे लोक ‘आत्ता होईल’ म्हणत आणि दुसऱ्या दिवशीही ते झालेलं नसे. दशांश ‘अडतीस मिनिटं, दोन-तीन इकडेतिकडे’ असं म्हणे आणि चाळिसाव्या मिनिटाला काम हातात ठेवी. त्यामुळे ती फारशी कोणाला आवडत नसे.

पाच वर्षं तिने त्या एका झुडपापायी घालवली होती. झुडूप संस्थेच्या कुंपणालाच होतं. पानं खुडायची, सावलीत वाळवायची, दळायची, काचेच्या उपकरणात अठरा तास उकळायची, आणि मग तळाशी उरलेला काळपट हिरवा चिकटा खरवडून काढायचा. त्याला भिजलेल्या चपलेसारखा वास येई. तो वास आता तिच्या दप्तराला, ओढणीला आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे स्वभावालाही लागला होता. प्रबंध लिहून तयार होता. नोंदणीची मुदत संपायला तेवीस दिवस उरले होते. तेवढ्यात प्रबंध दाखल झाला नाही तर नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात, आणि पदवीच्या भरवशावर कबूल झालेली शिकवण्याची नोकरीही गेली.

मार्गदर्शक सरांनी निष्कर्षाचं पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

“परिणाम नाही?”

“नाही, सर.”

“अगं, नाही असं कधी नसतं. अजून दिसला नाही, असं असतं.”

“तीनदा केला प्रयोग, सर.”

“मग चौथ्यांदा कर.”

“केला. चौथ्यांदा पण ८.२.”

सरांचा चेहरा एकदम उजळला. “बघ! सातत्य आहे! सातत्य हा काय लहान गुण झाला?”

“पाणी पाजलेल्या उंदरांतही तेवढंच सातत्य आहे, सर.”

“तू स्वतःच्याच प्रबंधाच्या जिवावर उठलीयेस,” सर हताश होऊन म्हणाले.

सर वाईट नव्हते. त्यांच्या हाताखाली आजवर एकोणीस जणांना पदव्या मिळाल्या होत्या आणि एकोणिसांच्या एकोणीस वनस्पती गुणकारी निघाल्या होत्या. एकाच्या पानांनी तर ताप, सूज आणि साखर तिन्ही एकदम खाली आणली होती. त्या पानांचं पुढे काय झालं, हे कोणी विचारलं नव्हतं. पानांचं पुढे काही व्हायचं नसतं. पुढे विद्यार्थ्याचं व्हायचं असतं.

दशांश प्रबंध घेऊन नोंदणी कक्षात गेली. कक्षाच्या प्रमुख बाई संगणकासमोर बसल्या होत्या. त्यांच्या टेबलावर तीन चष्मे होते: एक पडद्यासाठी, एक कागदासाठी आणि एक समोरच्या माणसासाठी. त्यांनी तिसरा लावला.

“विषय?”

“पानांच्या अर्काचा वेदनाशामक गुण.”

“निष्कर्षाचं स्वरूप?”

“गुण नाही.”

बाईंनी पहिला चष्मा लावला आणि पडदा तिच्याकडे वळवला. “यातलं सांग.”

पडद्यावर तीन पर्याय होते. आश्वासक. अत्यंत आश्वासक. क्रांतिकारक.

“मॅडम, यात माझा नाहीये.”

“सगळ्यात लहान ‘आश्वासक’ आहे. ते घे आणि मोकळी हो.”

“पण ते खोटं होईल.”

“खोटं कसं? पर्यायात आहे ना?” बाई कळवळून म्हणाल्या. “बाळ, मी तुझ्या भल्याचं सांगते. हा रकाना रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडतच नाही.”

“मग चौथा पर्याय घाला ना. ‘परिणाम नाही’ असा.”

बाईंनी दुसरा चष्मा लावला आणि एक कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. “अर्ज कर.”

दशांशने अर्ज केला. सहाव्या दिवशी उत्तर आलं. सहा दिवसांत उत्तर येणं हीच मुळात इतकी अघटित गोष्ट होती की सरांना पाकीट बघूनच घाम फुटला. आत लिहिलं होतं:

‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, गेल्या एकतीस वर्षांत या संस्थेत ४१२ वनस्पतींची तपासणी करण्यात आली असून त्या सर्वच्या सर्व गुणकारी आढळून आलेल्या आहेत. सबब, “परिणाम नाही” हा पर्याय उपलब्ध करून देण्याची आवश्यकता आजतागायत भासलेली नाही. आपल्या प्रकरणी दोष उंदरांचा आहे की वनस्पतीचा, याबाबत सक्षम व्यक्तींचे दाखले जोडून खुलासा करावा.’

दोष संशोधिकेचा असण्याची तिसरी शक्यता कक्षाने मोठ्या मनाने पुढच्या पत्रासाठी राखून ठेवली होती.

सतरा दिवस उरले होते. दशांश आधी प्राणिगृहाच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिसांच्या तीस उंदरांचे दात, डोळे, शेपट्या तपासल्या आणि दाखला लिहिला: ‘उंदीर ठणठणीत आहेत. याच घराण्यातील उंदरांनी आजवर एकोणीस उमेदवारांना पदवी मिळवून दिलेली आहे. स्वभाव: सहकार्याचा.’

“मग माझ्याच वेळी का नाही सहकार्य केलं?” दशांशने विचारलं.

“तू त्यांना काही सुचवलं नसशील,” डॉक्टर म्हणाले.

मग ती वनस्पतीवाल्या काकांकडे गेली. काकांची खोली वर्तमानपत्रांत दाबून ठेवलेल्या डहाळ्यांनी इतकी भरली होती की बसायला जागा नव्हती. ते स्वतःही दोन गठ्ठ्यांच्या मधे किंचित दाबल्यासारखेच उभे होते. त्यांनी पान भिंगाखाली धरलं.

“औषधी आहे,” ते म्हणाले.

“कशावरून, काका?”

“यादीत आहे.”

“यादीत कशी आली?”

“तीन ठिकाणी तपासली गेली की येते.”

“तपासून काय आढळलं?”

“ते यादीत नसतं गं. तपासली, एवढंच असतं.”

“आणि मी तपासून काहीच आढळलं नाही, त्याचं काय?”

काकांनी टाक उचलला. “म्हणजे तुझी चौथी तपासणी. वा! आता ही पहिल्या श्रेणीत जाईल.” आणि त्यांनी तिच्यासमोरच झुडपाला बढती दिली.

दाखले हातात पडेपर्यंत नऊ दिवस उरले. दशांश पुन्हा नोंदणी कक्षात आली. उंदीर निर्दोष होते, झुडूप पहिल्या श्रेणीचं होतं, आणि तरी ८.२ चे ८.२ च होते. बाईंनी दोन्ही दाखले वाचले, तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली, आणि त्यांना खरोखर दया आली.

“मला सांग, पाला दिल्यावर एखादा उंदीर मेला का?”

“नाही.”

“आजारी पडला? केस गळले? खाणं सोडलं?”

“नाही. काहीच झालं नाही. मी तेच तर सांगते आहे, मॅडम.”

“म्हणजे दुष्परिणाम?”

“शून्य,” दशांश म्हणाली. विधान बरोबर होतं. ती ते नाकारू शकत नव्हती.

“शून्य!” बाईंनी टेबलावर हात आपटला, एक चष्मा खाली पडला. “आणि ते रुग्णालयातलं औषध? ते दिलेल्या उंदरांचं काय?”

“ते उंदीर जरा पेंगले.”

“पेंगले! लिही. गुंगी येते. म्हणजे ते धोक्याचं. आणि तुझं पूर्ण सुरक्षित.”

“अहो, पण त्या औषधाने वेदना थांबते!”

“थांबते, पण पेंगून. आणि नुसतं पाणी प्यायलेले उंदीर?”

“त्यांना काय होणार?”

“त्यांनाही शून्य?” बाईंचा आवाज कापरा झाला. “अगं मुली, एका प्रबंधात दोन औषधं!”

त्यांनी दशांशच्या देखत ‘क्रांतिकारक’वर टिचकी मारली. पुढचं पान उघडलं. पाच वर्षांत दशांशने ते पान पहिल्यांदाच पाहिलं. त्यावर फक्त सहीची जागा होती.

“मॅडम, पण...”

“‘पण’साठी रकाना नाही.”

दशांशने प्रबंध उघडून बाईंपुढे धरला. मग म्हणाली, “एका अटीवर सही करते. पान १४३ वर माझं वाक्य आहे. ‘पानांच्या अर्काचा वेदनेवर कोणताही परिणाम आढळला नाही.’ त्यातला एक शब्द हलवायचा नाही. ते वाक्य गेलं, तर मी पदवी घेणार नाही.”

“तुझं वाक्य तुला लखलाभ,” बाई खाली वाकून चष्मा शोधत म्हणाल्या. “आत कोण बघतंय?”

प्रबंध दाखल झाला. दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या प्रसिद्धी कक्षाने निवेदन काढलं: ‘पाच वर्षांच्या अथक संशोधनातून सिद्ध: शंभर टक्के निर्धोक.’ निर्धोक म्हणजे नेमकं कशासाठी, हे लिहायला जागा पुरली नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या कुंपणाची तार सगळ्यांना प्रथमच दिसली. झुडपाला एक पान उरलं नव्हतं. पहारेकऱ्याने काठ्यांभोवती दोरी बांधून पाटी लावली, ‘पाने तोडू नयेत’. दुपारपर्यंत लोकांनी काठ्याही सोलून नेल्या.

दशांश घरी आली तर मावशी वाटीत काहीतरी हिरवं ढवळत होती. मावशीचा गुडघा हा त्या घरातला सर्वांत बोलका सदस्य होता; तो हवामान सांगे, पाहुणे ओळखे आणि कामाच्या वेळी हमखास दुखे.

“मावशी! कुठून आणलीस ही पानं?”

“तुझ्याच कुंपणाची. तिघींशी भांडून आणलीयेत. आपली पोर शोध लावते आणि आपल्याला पाला मिळू नये?”

“अगं, त्यात काही नाहीये! मी स्वतः तपासलंय!”

“म्हणूनच तर घेतेय. ज्यात काही असतं ना, ते मला बाधतं.”

दशांशने कपाळावर हात मारला. पण ती प्रयोगशाळेत वाढलेली मुलगी होती. तिने स्टॉपवॉच काढलं. मावशीला दोन मजल्यांचा जिना चढायला ४१.६ सेकंद लागत होते. चार दिवस पाला घेतल्यावर २९.३ लागले. दशांश दोन तास त्या आकड्याकडे बघत बसली. मग तिने गुपचूप वाटीतली पानं बदलली आणि त्या जागी पालक वाटून ठेवला. चार दिवसांनी मावशी २७.८ सेकंदांत वर पोचली आणि वरून ओरडली, “झालं का मोजून?”

“मावशी, खाली ये आणि नीट ऐक. चार दिवस तू पालक खाल्लास. साधा पालक. बाजारातला.”

मावशी कठड्याला धरून विचारात पडली. तिला पटलं, असं दशांशला निदान सहा सेकंद वाटलं.

“म्हणजे पालकातही ते आहे,” मावशी म्हणाली. “लिही ते. आणि एक सांगू? पाला राहू दे बाजूला. तुझ्या हातालाच गुण आहे.”

संध्याकाळपर्यंत जिन्यावर सात शेजारी बसले होते. प्रत्येकाने घरून आपापली वाटी आणली होती. आत काय घालायचं याबद्दल कोणाचाच आग्रह नव्हता.

दोन महिन्यांनी तोंडी परीक्षा ठेवली गेली. परीक्षा सर्वांसाठी खुली असते, पण आजवर तिला उमेदवाराची आई आणि आडोशाला डुलकी काढायला आलेले दोघे-तिघे, एवढेच लोक येत. या वेळी सभागृह तुडुंब भरलं. पाठीवाले पाठीवाल्यांशेजारी, गुडघेवाले बाकाच्या टोकाला, मानेवाले मधोमध, कारण त्यांना वळता येत नव्हतं. पहिल्या रांगेत मावशी होती.

बाहेरून आलेले परीक्षक सुकलेल्या चेहऱ्याचे गृहस्थ होते. त्यांनी प्रबंधात एकच खूण घातली होती. ती पान १४३ वर होती. कोणीतरी आत बघितलं होतं.

“हे वाक्य तुम्ही लिहिलंय?”

“हो, सर.”

“बत्तीस वर्षांत असं वाक्य मी कुठल्याच प्रबंधात पाहिलेलं नाही. आणि नोंदणीच्या अर्जावर लिहिलंय ‘क्रांतिकारक’. दोन्ही कसं बसतं?”

“बसत नाही, सर. अर्जात तीनच पर्याय होते. प्रबंधात मला हवं ते लिहिता आलं.”

“दोन्ही जुळवायचं म्हणून मी सांगितलं, की हे वाक्य काढा, तर?”

मार्गदर्शक सरांनी दोन्ही हात जोडले. देवाला की तिला, ते कळलं नाही. नोकरी देऊ केलेल्या महाविद्यालयाचे प्राचार्यही दुसऱ्या रांगेत होते, मानेवाल्यांत.

“नाही काढणार, सर.”

“पदवी गेली तरी?”

“गेली तरी.”

सभागृह शांत झालं. दशांशने सवयीने मोजलं, ११.४ सेकंद.

“अर्ज मी दुरुस्त करून घेतो,” परीक्षक म्हणाले. “वाक्य राहू द्या. या इमारतीत एवढी एकच वस्तू औषधी आहे.” आणि त्यांनी सही केली.

दशांशच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच वर्षांत प्रथमच तिने ते मोजलं नाही. ती सभागृहाकडे वळली. आता तिला कोणाची भीती नव्हती, म्हणून तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला.

“सगळ्यांनी नीट ऐका. या पानांनी दुखणं थांबत नाही. पाठीचं नाही, मानेचं नाही, गुडघ्याचं नाही. पाणी प्या किंवा हा पाला खा, फरक शून्य. मी पाच वर्षं, चार वेळा तपासलंय. काही म्हणजे काहीही होत नाही!”

टाळ्यांचा असा कडकडाट त्या सभागृहाने कधी ऐकला नव्हता. लोक उठून उभे राहिले. मानेवालेसुद्धा वळले.

“किती खरं बोलते!” मागून एक बाई डोळे पुसत म्हणाल्या. “अशा मुलीच्या औषधावरच विश्वास बसतो.”

“दिवसातून दोनदा घ्यायचं की तीनदा?” कोणीतरी ओरडलं.

दशांशला पदवी मिळाली. नोकरीही मिळाली, प्राचार्यांची मान आता बरी आहे. प्रबंधाची प्रत संस्थेच्या ग्रंथालयात आहे आणि तिथली ती सर्वांत जास्त हाताळली गेलेली वस्तू आहे. टेबलावर ठेवली की ती आपोआप पान ३१ वर उघडते. त्यावर पानं सावलीत कशी वाळवावी ते दिलेलं आहे. झुडपाचं छायाचित्र कोणीतरी ब्लेडने कापून नेलं आहे. पान १४३ अजून इतकं नवंकोरं आहे की त्याची कड बोटाला कापते.

झाला प्रकार लोकांपुढे यावा आणि चार माणसं तरी शहाणी व्हावीत, एवढ्याच हेतूने ही कथा लिहिली आहे. छापण्याआधी ती अकरा सुशिक्षित माणसांना वाचायला दिली होती. अकराही जण पोट धरून हसले. लोक किती भोळे असतात, यावर अकरा जणांचं एकमत झालं. त्यानंतर आठवड्याभरात नऊ जणांचे फोन आले. कथेत झुडपाचं नाव राहून गेलं आहे, ते त्यांना हवं होतं. स्वतःसाठी नव्हे. ओळखीच्या एकांना पाठीचा फार त्रास आहे, त्यांच्यासाठी. उरलेल्या दोघांचे फोन आले नाहीत. ते परस्पर कुंपण बघून गेल्याचं पहारेकऱ्याने कळवलं.

बारावे वाचक आपण. आपणही मनापासून हसलात, याबद्दल आभार. फोन करायचा झाला तर सकाळी लवकर करावा. दहानंतर लाइन लागत नाही.